ऐंशी किलोच्या पोत्याचा हिशेब

शेजारचे आबा पायरीवर न बसता अंगणातच उभे राहिले, तेव्हाच कळलं की आज चहा घेणार नाहीत. "सुनबाय, माज्या कलमांचो मोहोर काळो पडलो. तुमच्या धुरान," एवढंच बोलले आणि निघून गेले. २०१९ चा फेब्रुवारी होता. तुडतुड्यांच्या चिकट्यावर बुरशी वाढली तरी मोहोर काळा पडतो हे मला ठाऊक होतं आणि पन्नास वर्षं आंब्याची कलमं सांभाळणाऱ्या आबांना ते माझ्याहून जास्त ठाऊक असणार. पण आमचा काजू भाजायचा ड्रम पेटला की रस्त्यावरच्या गाड्या काचा वर घेत, हेही तितकंच खरं होतं. भांडायला तोंड नव्हतं.

वेंगुर्ला तालुक्यातला आमचा काजू कारखाना सासऱ्यांनी सुरू केलेला. कारखाना म्हणजे जांभ्याच्या भिंती, वर पत्रे, आत पंधरा-सोळा बायका आणि मागच्या बाजूला तो ड्रम. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: काजू बीच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे असतात आणि त्यांत तेल भरलेलं असतं. काजू हे बिब्ब्याच्या कुळातलं झाड, तेलाचा स्वभावही तोच. कातडीला लागलं की चटका बसतो, साल निघते, डाग महिनाभर जात नाही. फिरत्या तापलेल्या ड्रममध्ये बी टाकली की हे तेल बाहेर येतं, पेट घेतं आणि बी स्वतःच्याच तेलावर भाजली जाते. वेगळं जळण फारसं लागत नाही. सासऱ्यांना याचंच कौतुक होतं. मग पाणी मारायचं, राख चोळायची आणि बायकांनी लाकडी हातोडीनं एकेक बी फोडायची. आमच्या बायका लग्नाकार्यात हात पदराखाली ठेवून बसायच्या. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात कुणाला काही वेगळं दिसत नव्हतं. मलाही नाही.

मी बी.कॉम. आहे. धुराचं मला तितकं लागलं नसेल, पण वहीत न जुळणारा आकडा दिसला की झोप येत नाही. आबा येऊन गेल्यावर आठ दिवसांनी मी एक पोतं वेगळं काढलं. ऐंशी किलो, काट्यावर नीट मोजून. ते एकटंच भाजलं, फोडलं, वाळवलं, सोललं आणि निघालेली प्रत्येक वस्तू तोलली. पाणी मारलेली टरफलं दोन दिवस उन्हात घालून मगच काट्यावर ठेवली. गर वीस किलो. गरावरची तांबडी साल दीड किलोच्या वर. टरफलं चव्वेचाळीस. बेरीज साडेपासष्टच्या आसपास. म्हणजे साडेचौदा किलोंचा पत्ता नाही.

त्यातलं पाच-सहा किलो बीतलं पाणी, वाफ होऊन गेलेलं. उरलेलं आठ-नऊ किलो तेल. ते गेलं कुठे, तर आबांच्या मोहोरावर, आमच्या पत्र्यांवर, बायकांच्या फुप्फुसांत. आणि मी त्याचे पैसे शेतकऱ्याला मोजलेले होते, किलोच्या भावानं, रोख.

सासऱ्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ड्रम गेलो तर भाजक्या काजूची चव जातली." ती खरोखरच गेली. अजूनही मुंबईहून येणारं एखादं जुनं गिऱ्हाईक विचारतं, "तो धुराचा वास येणारा काजू नाही का?" नाही, म्हणून सांगते. त्या चवीला माझ्याकडे उत्तर नाही.

ड्रम सोडून वाफेवर जायचं ठरवलं, पण मग टाळेबंदी आली आणि दीड वर्ष गेलं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली होती: प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, बाकीचं बँकेचं कर्ज आणि आपला हिस्सा. कागद गोळा करण्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. एवढंच सांगते की अनुदान हातात येत नाही. ते कर्जखात्याच्या बाजूला तीन वर्षं पडून राहतं आणि मग वळतं होतं. 'सरकारनं पैसे दिले' या भ्रमात कुणी यंत्रं मागवू नयेत.

२०२२ च्या हंगामात वाफ सुरू झाली. छोटा बॉयलर, त्याला जोडलेला कुकर, पायानं चालवायची कटिंग मशीन आणि वाफेवर चालणारा बोरमा, म्हणजे गर वाळवायची खोली. बी वाफेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग पसरून जवळजवळ दिवसभर गार होऊ द्यायची. टरफल चिवट होतं, गर आतल्या आत सुटतो, मशीनच्या पात्यांत बी धरून पायानं दाबलं की दोन भाग. तेल टरफलातच राहतं. पहिल्याच महिन्यात अख्खा गर वाढला, तुकडा कमी झाला. अख्ख्या आणि तुकड्याच्या भावातला फरक ज्याला माहीत आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. बायकांचे हात पूर्ण गोरे झाले असं नाही, कटिंगला अजून तेल लागतंच, खोबरेल चोळून बसावं लागतं. पण हातोडीवाल्या काळ्या बोटांची शेवटची पिढी आमच्याकडे तरी संपली.

आणि पहिल्याच महिन्यात माझी मोठी चूकही झाली.

बॉयलरला जळण हवं. अंगणात टरफलांचा डोंगर. फुकटचं जळण सोडून लाकूड कोण विकत घेईल? आम्ही कच्ची टरफलं बॉयलरखाली घातली. धूर ड्रममधून उठला आणि चिमणीत जाऊन बसला, बाकी काही बदललं नाही. उलट चिमणी उंच असल्यामुळे आता तो आबांच्या कलमांवरून पुढे देवळापर्यंत जायला लागला. दोन महिन्यांत चिमणीच्या आत डांबरासारखा थर धरला, धूर उलटा फिरायला लागला. एके सकाळी बॉयलर सांभाळणारा पोरगा भुवया जाळून घेऊन बाहेर आला. बाकी काही इजा झाली नाही, पण त्या दिवशी बॉयलर बंद ठेवला आणि मी ओसरीवर डोकं धरून बसले. चिमणीचा पत्रा आतून गंजून चाळण झाला होता. टरफलातल्या तेलाचा बराचसा भाग आम्लाचाच असतो, हे मला तेव्हा बॉयलर दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आधी मी विचारलंच नव्हतं.

उपाय नवा नव्हता, आमच्या धंद्यातले मोठे लोक तो वर्षानुवर्षं करत होते: आधी तेल काढायचं, मग उरलेली पेंड जाळायची. पेंड धूर बराच कमी करते आणि उष्णता भरपूर देते. मी घाणा घ्यायच्या विचारात होते. किंमत विचारली, मग एका घाण्यावर दिवसभर उभी राहिले आणि विचार सोडला. तेलाचा वास, तेल साठवायच्या टाक्या, गाळ, त्याचं वेगळं संमतीपत्र. पंधरा बायकांच्या कारखान्याला हे झेपणारं नाही. त्यापेक्षा तासाभराच्या अंतरावरच्या घाण्याशी बोली केली. त्यांचा टेंपो टरफलं न्यायला येतो तेव्हा येताना पेंड घेऊन येतो. रिकामा फेरा नाही. टरफलाचे पैसे मिळतात, त्यातून पेंडीचे वजा होतात, थोडे हातात उरतात. ते तेल पुढे ब्रेकच्या लायनिंगमध्ये, रंगात, व्हार्निशमध्ये, राळेत जातं. आमच्या किनाऱ्यावर पूर्वीपासून होडीच्या लाकडाला हे तेल लावतात. पण ट्रकच्या ब्रेकमध्ये आपला काजू असतो हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

पोतं पुन्हा तोललं. गर साडेएकवीस, तांबडी साल पावणेदोन, टरफलं त्रेपन्न. खराब बी आणि कचरा धरून सगळं मिळून सत्त्याहत्तरच्या वर. राहिलेले पावणेतीन किलो पाणी असावं, म्हणून मी वहीत रेघ मारली. रेघ मारायला घाई केली, कारण एक गोष्ट मी तोललीच नव्हती.

कुकरमधून वाफ सोडली की खाली पाणी निथळतं. तपकिरी, तेलकट, उग्र वासाचं. दिवसाला फार नाही, काही घागरी. आम्ही मागे एक शोषखड्डा खणला होता आणि त्यात ते सोडत होतो. जांभा दगड पाणी पिऊन टाकतो, मार्च-एप्रिलमध्ये खड्डा कोरडाच दिसायचा. आम्हाला वाटलं, छान चाललंय. मग मिरग आला. कोकणातला पाऊस म्हणजे काय ते बाहेरच्यांना आकड्यांत सांगावं लागतं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. आठव्या दिवशी खड्डा तुडुंब भरून वाहिला आणि सकाळी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यावर इंद्रधनुष्याच्या रंगाची साय होती. खाली बायका कपडे धुवायला आलेल्या. त्यातली एक माझ्याकडेच सोलाईला येणारी. ती मला काही बोलली नाही. नुसती कपड्यांचं गाठोडं उचलून वरच्या अंगाला गेली.

धुराच्या वेळी मला लाज वाटली नव्हती, हिशेब चुकल्याची चीड आली होती. या वेळी लाज वाटली. धूर सगळ्यांना दिसतो, त्याची तक्रार होते. हे पाणी अख्खा हंगाम जमिनीत जात होतं आणि मी पर्यावरणपूरक कारखाना म्हणून बँकेच्या माणसाला फोटो काढू देत होते.

आता तिथे तीन कप्प्यांची सिमेंटची टाकी आहे, वर पत्र्याचं छप्पर, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून कडेनं उंच बांध. पहिल्या कप्प्यात पाणी स्थिर राहतं, तेल वर येतं, ते काढून पिंपात भरतो आणि घाण्याच्या टेंपोत देतो. दुसऱ्यात गाळ बसतो. तिसऱ्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा भरलाय. त्यातून येणारं पाणी पिण्यालायक नाहीच, पण तेलाची साय नाही. ते कारखान्यातच फरशी धुवायला आणि राख भिजवायला जातं, व्हाळात नाही. गाळ वाळवून पेंडीबरोबर जाळतो. चिमणीला सायक्लोन बसवलाय, त्यात उडती राख खाली पडते. बॉयलरची राख माडांच्या आळ्यात घालतो, थोडी थोडी. एका वर्षी जास्त घातली तर पानांची टोकं करपली.

तांबड्या सालीचं फार सांगण्यासारखं नाही. तिच्यात टॅनिन असतं, चामडं कमावायला लागतं, व्यापारी पोत्यानं नेतो. पूर्वी आम्ही ती उकिरड्यावर फेकत होतो, एवढंच.

बोंडूचं, म्हणजे बी ज्याच्या टोकाला लागते त्या फळाचं, मात्र सांगायलाच हवं, कारण तो माझ्या पोत्यात नसतो तरी माझ्या पोत्यामुळेच पडतो. बीपेक्षा बोंडू पाच-सात पट जड. म्हणजे माझ्या ऐंशी किलोमागे कुठल्या तरी बागेत चारशे-पाचशे किलो बोंडू झाडाखाली कुजलेला असतो. शेतकरी बी पिळून घेतो, बोंडू टाकतो. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, अलीकडे माश्या होतात. मी एका हंगामात बोंडूवर गोबर गॅस चालवायचा घाट घातला. बोंडू आंबट, घातल्या घातल्या टाकी आंबली आणि असलेला गॅसही बंद पडला. घरात आठ दिवस वास. सासूबाई म्हणाल्या, "तुजा पर्यावरण भायर घेऊन जा." चुना आणि दुप्पट शेण घालून कशीबशी टाकी परत आणली. आता रोज थोडेच बोंडू घालतो, तेही ठेचून. मार्च ते मे सोळा बायकांचा दोन वेळचा चहा त्यावर होतो. चारशे किलोतले चाळीसही आम्ही वापरत नाही. हा हिशेब माझ्या वहीत उघडाच आहे.

आता पिशव्या. इथे मी हरले, निदान अर्धी.

काजूला दमट हवा चालत नाही. आमच्याकडे तर मिठाची डबी झाकण लावूनही ओली होते. म्हणून चकचकीत पाऊच लागतो: आत पॉलिथीन, मध्ये धातूचा पातळ थर, वर पॉलिएस्टर, सगळे एकमेकांना चिकटलेले. हवा काढून नायट्रोजन भरला की काजू महिनोन् महिने कुरकुरीत राहतो. पण हे थर सुटे होत नाहीत, म्हणून त्याचं पुन्हा प्लास्टिक बनत नाही. सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं, तेही कुणी तिथवर नेलं तर. वेंगुर्ला नगरपरिषदेनं कचरा डेपोची बाग करून दाखवली, पालापाचोळ्याच्या जाळायच्या कांडी-विटा केल्या, प्लास्टिक तुकडे करून रस्त्याच्या डांबरात घातलं, आसपासचे लोक बघायला येतात. मीही गेले, माझे पाऊच पिशवीत घेऊन. तिथे वेगवेगळे ढीग करणाऱ्या बाईनं पाऊच हातात घेऊन चुरगाळला, कानाशी नेऊन आवाज ऐकला आणि म्हणाली, "ह्या कोण घेणा नाय, बाय." प्रयोगशाळेपेक्षा तिचा कान मला जास्त पटला.

मी एकाच जातीच्या पॉलिथीनचे पारदर्शक पाऊच करून घेतले. ते भंगारवाला घेतो. जून उजाडेपर्यंत गर मऊ पडला, ऑगस्टमध्ये खवट वास. चाळीस किलो माल परत आला. तो काजूच फेकावा लागला तर पिशवी वाचवून काय मिळवलं? एक किलो गरामागे किती बी, किती वाफ, किती हात लागलेत ते मी तोलून बसले होते.

मग डब्यांकडे वळले. घाऊक काजू पूर्वीपासून चौकोनी पत्र्याच्या डब्यात जातो, ११.३४ किलोचा, म्हणजे पंचवीस पौंड. इंग्रज गेले, पौंड राहिला. सावंतवाडी-मालवणचे मिठाईवाले आणि हॉटेलवाले हे डबे घेतात. मी म्हटलं, शंभर रुपये अनामत ठेवा, डबा परत द्या, मी धुऊन पुन्हा भरेन. योजना धडाक्यात सुरू झाली, सहा महिने चालली. मग अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणात मी मोठ्या अभिमानानं हे सांगितलं आणि शिकवणारे शांतपणे म्हणाले, "ताई, २०१८ चे पॅकेजिंगचे नियम वाचा. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा अन्नाला पुन्हा वापरता येत नाही." वाचले. तसंच आहे. कारणही बरोबर आहे: आतला लेप खरवडतो, खाऱ्या हवेत सांध्यांना गंज धरतो. मला तो गंज दिसत होता, मी तो पुसत होते.

तेव्हा आता जवळच्या गिऱ्हाइकांना स्टीलचे डबे. महाग पडले, एकदम वीसच घेतले. अनामत तीनशे केली. पहिल्या वर्षी वीसातले चौदा फिरत राहिले. सहांचं काय झालं? एका हॉटेलात माझ्या डब्यात सोलकढी दिसली. अनामत त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही. पत्र्याचे डबे लांबच्या मालालाच, आणि ते रिकामे झाले की भंगारात, ते वितळून पुन्हा पोलाद होतं. रिकामे डबे इथल्या लोकांना फेकवत नाहीतच, अर्ध्या गावाच्या तुळशी माझ्या डब्यांत आहेत.

पर्यटकांसाठी पाव किलोचं पॅकिंग दोन प्रकारचं ठेवलंय. पारदर्शक पाऊचवर मोठ्या अक्षरात 'महिन्याच्या आत खावा' लिहिलंय, ते फक्त ऑक्टोबर ते मे आणि फक्त कारखान्यातून. बाकी सगळं चकचकीत. गेल्या वर्षी विकलेल्या पाऊचांत दहातले सात चकचकीत होते. ते कमी होतील असं मी कुणाला सांगत नाही. कागदाचे म्हणून विकले जाणारे पाऊच घेऊन एक विक्रेता आला होता. कोपरा फाडून बघितला, आत तोच चकचकीत थर. चहा पाजून परत पाठवला.

आबा आता पायरीवर बसतात. या फेब्रुवारीत कलमांना मोहोर चांगला आला. धूर गेल्यामुळे नव्हे, थंडीमुळे, असं ते म्हणतात आणि ते बरोबरच असणार. परवा चहा पिता पिता नाक वर करून म्हणाले, "धूर नाय आता. पण वास येता गो अजून."

येतो. बोरम्याचा आहे, दक्षिणेचा वारा असला की जास्त. खिडकी उत्तरेकडून हलवून बघणार आहे. पण त्याआधी टाकीचा गाळ उपसायचाय, मिरगाला पंधरा दिवस उरलेत.